पट्टी कोरडी, चेंबर भरलेलं: १९९२ च्या एका बुलेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी घेणाऱ्या बाई कोल्हापूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेत त्यांना सगळे बाईच म्हणतात, म्हणून इथंही बाईच. वय तेव्हा ४३, उंची पाच फूट दोन इंच, रोजची गाडी बिनगिअरची स्कूटर. वडिलांकडे बुलेट होती. बाई कॉलेजात असताना ती विकली गेली आणि ‘माझी मी घेईन’ हे पुढची वीस वर्षं नुसतं म्हणण्यावरच राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये भुदरगड तालुक्यातल्या एका गावात १९९२ ची स्टँडर्ड ३५० उभी असल्याचं त्यांना कळलं. मालक साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते, उसाच्या फडांवर याच गाडीनं फिरायचे. २०१८ मध्ये गुडघ्यानं त्रास दिला आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत पोत्याखाली गेली. २०२१ मध्ये मालकही गेले.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. बाईंचे यजमान माझे वर्गमित्र, त्या ओळखीनं मला गाडी बघायला नेलं. म्हणजे या प्रकरणातला जाणकार मीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मोठी चूकही माझीच आहे.

ज्यांचा या गाडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफील्ड इंडिया निघाली, तिरुवोट्टियूरला कारखाना झाला. रेडिचचा कारखाना साठच्या दशकात बंद पडला, तरी मद्रासेत तेच इंजिन निघत राहिलं. १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे गेली, तरी बिडाचा सिलिंडर २०१० च्या आसपासपर्यंत टिकला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ९० मिलिमीटर, ३४६ सीसी, ताकद १८ हॉर्सपॉवरच्या आसपास. बोअरपेक्षा स्ट्रोक लांब आणि आत जड फ्लायव्हील, म्हणून ठोके मोजता येतील अशी ती सावकाश चालते. आमच्या भागात विहिरीवरची डिझेल इंजिनं ऐकत वाढलेल्या माणसाला तो आवाज घरचा वाटतो. या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकी तीन खाली. मागचा ब्रेक डाव्या पायात.

कागद

मालक गेलेले, आरसी त्यांच्याच नावावर. १९९२ ची नोंदणी १५ वर्षांनी, म्हणजे २००७ मध्ये पहिल्यांदा नवी करून घेतलेली, मग दर पाच वर्षांनी. शेवटचं नूतनीकरण २०१७ चं. मालकांनी ते स्वतः जाऊन केलं होतं. मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलेली.

बाईंना निम्म्या स्टाफरूमनं सांगितलं, की १५ वर्षं झालेली गाडी आता भंगारातच जाते. हा दिल्लीकडचा नियम लोकांनी सगळ्या देशाला लावून टाकलाय. आपल्याकडं तपासणीत गाडी पास झाली की पाच वर्षांची मुदत मिळते. २०२३ मध्ये दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १,००० रुपये, महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी २,००० रुपये आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये असा हिशेब होता.

अडचण पैशांची नव्हती, मालकीची होती. मेलेल्या माणसाकडून गाडी विकत घेता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर वारसानं सही करून विकायची. वारस तीन: मालकांच्या पत्नी, चाकणला नोकरीला असलेला मुलगा आणि निपाणीला दिलेली मुलगी. मुलांनी हक्क सोडल्याची प्रतिज्ञापत्रं लागणार. फॉर्म ३१ खरं तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो, इथं दोन वर्षं उलटलेली.

एका एजंटानं सोपा मार्ग काढला. जुन्या आरसीवरची सही बघून २९ आणि ३० वर तशीच मारायची, तारीख मागची टाकायची, आठ दिवसांत नाव लागतंय. असं सर्रास चालतं आणि बहुतेकदा खपूनही जातं. बाई म्हणाल्या, “दहावीच्या पोरांना खोटी सही केली म्हणून मी पालकांना बोलावते. आणि हे?” विषय तिथंच संपला. मला तेव्हा वाटलं, उगाच दोन महिने वाढवले. ते दोन महिने वाढले नसते तर काय झालं असतं, हे पुढं येईलच.

सौदा ९० हजारांपासून सुरू होऊन ७८ हजारांवर थांबला. १० हजार इसार, बाकी रक्कम गाडी वारसाच्या नावावर झाल्यावर. स्टँपपेपरवर तसं लिहिलं आणि गाडी छोट्या हत्तीत घालून माझ्या शेडमध्ये आणली. नाव लागायच्या आधी ताबा घेणं हा धोकाच होता. घरातलं कुणी फिरलं असतं तर दुरुस्तीचे पैसे गेले असते. माणसं बघून आम्ही तो पत्करला, आणि परत तशी वेळ आली तर पत्करीन असं मी म्हणणार नाही.

अडचण कशी उभी राहिली

गाडी शेडमध्ये आल्यावर नेहमीची कामं केली. टाकीतला गंज रॉकेल आणि नटबोल्ट घालून हलवून काढला. कार्बोरेटरचे जेट साफ केले. करंट जोडून-तोडून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर चढलेला थर बारीक पॉलिश पेपरनं उतरवला. नवी बॅटरी, नवा प्लग. टायर दिसायला बरे होते, पण बाजूनं चिरा पडलेल्या, म्हणून ३.२५-१९ चे दोन्ही नवे.

मग इंजिनात तेल किती ते दाखवणारी पट्टी काढली. कोरडी ठणठणीत.

मी म्हणालो, पाच वर्षांत गळून गेलं असणार, बुलेट म्हणजे तेल टाकणारच. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत येईस्तोवर बाईंनी २०डब्ल्यू-५० तेल ओतलं. दीड लिटर गेलं.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. गाडी पडवीत जिथं उभी होती ती जमीन शेणानं सारवलेली होती. आम्ही गाडी हलवली तेव्हा खाली चार थेंबांचे काळे डाग होते, रुपयाएवढे. दीड लिटर तेल गळलं तर डाग कुठं गेला? हा प्रश्न नववीतलं पोरगं विचारील. मी विचारला नाही आणि विज्ञानाच्या बाईंनीही विचारला नाही, कारण शेजारी तज्ज्ञ उभा होता.

सुरू करतानाही फजिती झाली. मी दणादण किका मारल्या. पाचवीला गाडी उलटी फिरली आणि किकचा दांडा नडगीवर बसला. नवव्या किकला इंजिन लागलं आणि शेड निळ्या धुरानं भरून गेली. पाच वर्षं उभी असलेली गाडी पहिल्या दिवशी धूर टाकणारच, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच धूर. तिसऱ्या दिवशी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून तेल येऊन चेनवर आणि तिथून मागच्या टायरवर उडालेलं. प्लग काढला तर तेलानं ओलाचिंब.

वारसनोंदीच्या फाइलला विमा आणि पीयूसी लागणार होतं. विमा मिळाला. पीयूसीला गाडी पुन्हा छोट्या हत्तीतून नेली. २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे मर्यादा तशी सैल आहे. पण केंद्रावरच्या पोरानं धूर बघून नळी लावायलाच नकार दिला. “सर, मशिन खराब हुईल माझं.”

पर्याय

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्यापुढं तीन वाटा होत्या.

पहिली वाट बोअर करायची, म्हणजे सिलिंडर आतून खरवडून त्यात मोठा पिस्टन बसवायची. निळा धूर, ओला प्लग, ब्रीदरमधून तेल. पुस्तकात या तिन्ही खुणा झिजलेल्या रिंगा आणि सिलिंडरकडं बोट दाखवतात. शिवाजी उद्यमनगरात बोअर करून देणारी चांगली माणसं आहेत. नवा पिस्टन, रिंगा, हेडचं काम धरून १६ हजारांच्या आसपास सांगितलं. माझं मत हेच होतं आणि मी ते ठासून मांडलं. सोमवारी सिलिंडर उतरवून द्यायचा, इथपर्यंत ठरलं.

दुसरी वाट एका रिस्टोरेशनवाल्याची. सगळी गाडी खोलायची, इंजिन पूर्ण नवं करायचं, क्रोम, रंग, सोनेरी रेघा. अंदाज ९५ हजार, चार महिने. त्यानं वर इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि गिअर डाव्या पायात आणून द्यायचीही तयारी दाखवली. ही वाट बाईंनी लगेच सोडली. पैसे हे एक कारण. दुसरं असं, की त्या म्हणाल्या, “अजून ही गाडी मी दहा मिनिटंसुद्धा चालवली नाही. हिच्यात काय वाईट आहे ते मला कळायच्या आधीच सगळं बदलून टाकायचं?”

तिसरी वाट काहीच न करण्याची. इसार सोडून गाडी परत द्यायची. बाईंच्या यजमानांचा कल तिकडं होता. ते बोलून दाखवत नव्हते, पण शेडमध्ये यायचे थांबले होते.

आज मागं बघताना कळतं, की चौथी वाट आम्ही मांडलीच नव्हती: सिलिंडर उतरवण्याआधी चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागात, किती तेल आहे ते मोजून बघणं. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. बोअर मात्र परत फिरवता येत नाही. सिलिंडरमधून एकदा खरवडलेलं बीड पुन्हा बसवता येत नाही, आणि तीस वर्षं मूळ मापात राहिलेला सिलिंडर आता सहज सापडतही नाही.

रविवारची फेरी

सोमवारच्या आधीच्या रविवारी आम्ही गावाला गेलो, मुलाच्या आणि मुलीच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या घ्यायला. चाकणचा मुलगा सुट्टीवर आला होता. काकी, म्हणजे मालकांच्या पत्नी, चहा करत होत्या. मी मुलाला गाडीचं रडगाणं सांगत होतो: पट्टी कोरडी होती, तेल भरलं, आता धूर. काकी आतूनच म्हणाल्या, “गार गाडीची पट्टी बघितलासा व्हय?”

मी गप्प.

“ह्यांनी आधी गाडी सुरू करायचं. तवर मी चा टाकायची. चा पिऊन झाला की मग गाडी बंद करून पट्टी बघायचे. पावसाळ्यात गाडी उभी ऱ्हायली की पट्टी रिकामीच दिसती म्हणायचे. तेल खाली उतरतंय.”

काकींनी आयुष्यात गाडीला हात लावलेला नव्हता. त्या मागं बसायच्याही क्वचित. पण तीस वर्षं त्या पडवीसमोर चहा केलेला.

आता त्यामागचं कारण. बुलेटचं इंजिन ड्राय संप पद्धतीचं आहे. तेलाची टाकी वेगळी लटकवलेली नसते, क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला कप्पा असतो. टाकीतून एक पंप तेल इंजिनात ढकलतो, दुसरा पंप चेंबरमध्ये जमलेलं तेल परत टाकीत आणतो. परतीचा पंप मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, म्हणजे चालत्या इंजिनात चेंबर जवळजवळ रिकामं राहतं. पण गाडी उभी राहिली की पंपाच्या झिजलेल्या फटींतून तेल हळूहळू टाकीतून चेंबरमध्ये झिरपतं. पट्टी फक्त टाकीतलं तेल दाखवते. टाकी रिकामी, चेंबर भरलेलं. गाडी पाच मिनिटं चालवली असती तर परतीच्या पंपानं सगळं तेल उचलून जागेवर आणलं असतं. आम्ही त्याआधीच वरून दीड लिटर ओतलं. मग टाकी काठोकाठ भरली, जास्तीच्या तेलाला जायला जागा उरली नाही, काही ब्रीदरमधून बाहेर आलं आणि काही रिंगांना ओलांडून वर जाऊन जळलं.

ही पद्धत मी अनेक वर्षं फळ्यावर काढून शिकवत आलोय. लाल खडूनं जाणारं तेल, निळ्यानं येणारं.

काय केलं

त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी इंजिनाखालचे दोन्ही बोल्ट काढले, टाकीचा आणि चेंबरचा. खाली स्वच्छ घमेलं. बाईंनी तेल लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून मोजलं. तीन पूर्ण भरले आणि चौथ्यात ४०० मिलिलिटर. या गाडीत साधारण सव्वादोन लिटर तेल लागतं. बाईंनी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी केली आणि वही माझ्यापुढं धरली. बोलल्या काहीच नाहीत.

उद्यमनगरला फोन करून सोमवारचं काम थांबवलं. तेलाचा फिल्टर बदलला, मोजून सव्वादोन लिटर नवं तेल भरलं. परतीचा पंप काम करतोय की नाही ते बघण्यासाठी इंजिन चालू ठेवून हेडकडं जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित ढिला केला. तेल झिरपलं, बोल्ट घट्ट केला. मागचा टायर साबणानं धुतला, नाहीतर पहिल्याच वळणावर पडलो असतो.

धूर लगेच गेला नाही. सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जळायला आवारात दोन दिवस फेऱ्या माराव्या लागल्या. या दोन दिवसांत मी पुन्हा डळमळलो. ‘बोअर करावाच लागेल’ असं माझ्या तोंडून एकदा निघालंही. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन गरम असताना मागं पांढरा रुमाल धरला, तो पांढराच राहिला. प्लग चहाच्या रंगावर आला. किकवर सगळा भार टाकून बाई उभ्या राहिल्या तर किक खाली जायला सात-आठ सेकंद लागले. रिंगा दाब धरून होत्या. पीयूसी मिळालं.

बाकी दुरुस्त्या बारीक होत्या. पॉइंटची फट जवळजवळ मिटलेली होती, ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये आणली. आपोआप टायमिंग पुढं नेणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा ताणून सैल झाल्या होत्या, त्या बदलल्या. गाडी उलटी किक का मारत होती ते तेव्हा कळलं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्यांची, म्हणजे पुशरॉडची फट) गार इंजिनावर बसवले: पुशरॉड बोटांनी फिरली पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. हे काम करायला तीन पाने आणि तिसरा हात लागतो.

कागदांचा क्रम आधी वारसनोंद, मग नूतनीकरण, मग विक्री असा लागला. आरटीओत चेसिस नंबरचा छाप घ्यायचा होता आणि हँडलखालच्या फ्रेमवर रंगाचे इतके थर होते की अक्षरं बुजून गेलेली. घासायचं नाही, आकडे पुसट झाले तर वेगळीच चौकशी मागं लागते. रंग काढायचं द्रावण लावून, जुना दाताचा ब्रश घेऊन बाईंनी तासभर ते काम केलं. सहा महिन्यांचा उशीर म्हणून १,८०० रुपये जास्तीचे गेले. जुलैमध्ये गाडी बाईंच्या नावावर झाली.

ओळख

मला हा भाग सगळ्यात आवडतो. याबद्दल लोक सहसा काही लिहीत नाहीत.

पहिला धडा किकचा. माझ्या नडगीचं काळंनिळं बघून बाईंनी आधी सगळं समजून घेतलं. हेडलाइटच्या डोक्यावर अँपमीटर असतो. चावी लावून किक हळू दाबत गेलं की काटा उणेकडं कलतो, कारण पॉइंट मिटलेले असतात आणि कॉइलमधून करंट जात असतो. आणखी दाबलं की किक कडक लागते आणि काटा मध्यावर येतो. पॉइंट उघडले, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी आला. तिथं डाव्या हातानं डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढायचा, किक जरा पुढं सरकवायची, डीकॉम्प सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सलग लाथ. ताकद लागत नाही. भार टाकायचा आणि मध्ये थांबायचं नाही. पाच फूट दोन इंचाच्या बाईंची गाडी आता बहुतेक वेळा दुसऱ्या किकला लागते. मी अजून चार-पाच घेतो, कारण काटा बघायचा मला कंटाळा.

दुसरा धडा गिअरचा, आणि इथं माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं, बिनगिअरच्या स्कूटरवरून आलेल्या माणसाला उजवा गिअर जड जाईल. उलटंच झालं. बाईंच्या पायांना कुठलीच सवय नव्हती, त्यामुळं मोडायलाही काही नव्हतं. तीस वर्षं डाव्या पायानं गिअर टाकणारा मी मात्र बिंदू चौकात गिअर समजून ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्यानं जे सुनावलं ते इथं देत नाही. न्यूट्रल शोधायला टाचेखाली वेगळा छोटा लिव्हर आहे. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून तो दाबला की न्यूट्रल. सिग्नलला ही केवढी मोठी सोय आहे ते वापरल्यावर कळतं, आणि नव्या गाड्यांत ती नाही याचं नवल वाटतं.

तिसरा धडा ब्रेकचा. पुढचा ड्रम ब्रेक गाडी थांबवत नाही, थांबायची विनंती करतो. १६० किलोंच्या पुढचं वजन आणि समोर अचानक म्हैस. बाईंनी पहिले दोन महिने गाडी सकाळी सहाच्या आत, रंकाळ्याच्या बाजूनं पन्हाळा रस्त्याला, ५० च्या वर न नेता चालवली. उतारावर गिअर खाली टाकून इंजिनानं गाडी धरायला शिकल्या. जड फ्लायव्हीलमुळं ते नीट जमतं, फक्त घाई करायची नाही.

वही त्यांनी सुरुवातीपासून ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, तेल, किती किका, कसला आवाज. एका पानावर ‘दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच मोकळी होते, पाय पूर्ण दाबला तर नाही’ असं लिहिलंय. मी गिअरबॉक्स उघडायला निघालो होतो. वही बघून थांबलो. दोष गिअरबॉक्सचा नव्हता, गिअर अर्धवट दाबणाऱ्या चपलेचा होता. बूट घातल्यावर ती नोंद पुन्हा आलेली नाही.

निकाल

डिसेंबर २०२४ अखेर गाडी ३,८०० किलोमीटर चालली. सिलिंडर आजही मूळ मापाचा आहे. इंजिनावर आणि बाकी दुरुस्तीवर मिळून साडेअकरा हजार खर्च झाला, टायर-बॅटरी वेगळे. तेल हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आत जातं, तीस वर्षांच्या इंजिनाला हे ठीकच. टॅपेटच्या झाकणातून दिवसाला दोन थेंब पडतात. दोनदा गॅस्केट बदललं, थेंब दोनच राहिले. आता गाडीखाली पुठ्ठा ठेवतात आणि थेंब वाढले का ते बघतात.

बाईंच्या यजमानांनी गाडी अजून चालवलेली नाही. मागं बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूनं दोन गोष्टी. जमिनीवर डाग नाही म्हणजे तेल अजून गाडीतच आहे, एवढा साधा हिशेब न करता मी पट्टीवर विश्वास ठेवला. आणि खुणा तीन असल्या तरी कारण एक असू शकतं हे माहीत असून सगळ्यात महागडं कारण आधी धरलं. हल्ली वर्गात या गाडीचे आकडे देतो, दीड लिटर ओतलं, तीन लिटर चारशे निघालं, आणि निदान काय ते मुलांना विचारतो. बरीचशी मुलं अजूनही बोअर म्हणतात. त्यांना शिकवणारा मीच, त्यामुळं बोलायची सोय नाही.

घरच्यांना विचारणं हा दुसरा मुद्दा. पहिल्या भेटीत मी मुलाला बरंच विचारलं: सर्व्हिस कधी, पिस्टन बदलला का, अपघात झाला का. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो बारावीनंतर बाहेर पडलेला. काकी चहा देऊन आत गेल्या आणि आम्ही त्यांना फक्त किंमत विचारली. गाडी रोज कशी सुरू करायचे, थंडीत काय करायचे, कुठला आवाज आला की चिडायचे, हे तिथं विचारलं असतं तर धुराचे पंधरा दिवस वाचले असते. एजंटाच्या खोट्या सहीनं काम उरकलं असतं तर त्या पडवीत आम्ही परत गेलोच नसतो आणि सोमवारी सिलिंडर उद्यमनगरात असता. हा योगायोग होता. त्याचं श्रेय आमच्या हुशारीला देता येत नाही.

ताब्याचं आधी सांगितलंच: वारसनोंद होईपर्यंत गाडी काकींच्या पडवीतच ठेवून तिथं तपासणी करता आली असती.

एका बाबतीत बाईंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. मी म्हणतो, पुढच्या चाकाला नंतरच्या मॉडेलचा मोठा ड्रम बसवावा, जीव महत्त्वाचा. त्या म्हणतात, या ब्रेकमुळं मी हळू चालवते, तो बदलला की वेग वाढेल. दोघांचंही पूर्ण चुकीचं नाही, पण पुढच्या पावसाळ्याआधी माझं ऐकतील अशी आशा आहे.

यंदा मार्चमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणीत गाडी पाच आठवडे उभी होती. मी गेलो तेव्हा बाईंनी पट्टी काढून मला दाखवली, कोरडी. परत लावली. दुसऱ्या किकला गाडी लागली, थोडा धूर आला आणि गेला. मग त्या आत जाऊन गॅसवर चहा ठेवून आल्या आणि आम्ही इंजिनाकडं बघत उभे राहिलो. पट्टी पुन्हा काढली तेव्हा तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये होतं. चहा मात्र तेवढ्यात उतू गेला होता.